टिपणीसबाईंचा नंबर

अंबरनाथच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मालिनीबाई टिपणीस टायपिस्ट होत्या. कारखान्याचं नाव कशाला सांगा. तिथल्या बऱ्याच मंडळींचं स्वतःविषयी फार चांगलं मत आहे, ते तसंच राहू द्यावं. बाई राहायला बदलापूरला. अंगकाठी किरकोळ, जीभ तिखट, आणि टाईपरायटरवर हात असा की शेजारच्या टेबलावरच्यांना वाटावं, पत्र्यावर कुणी हरभरे ओततंय. मात्र हा हात कितीही चालला तरी एखादं अक्षर चुकायचंच, आणि त्या एका अक्षरासाठी वरचा कागद, खालचे कार्बन आणि त्याखालचे सगळे कागद असा अख्खा संसार पुन्हा मांडावा लागायचा. खोडरबरानं गुपचूप खोडून वर नवं अक्षर मारायची सोय नव्हती. जनरल मॅनेजर कोठारे साहेब प्रत्येक पत्र सही करण्याआधी खिडकीच्या उजेडासमोर धरत. पत्रात काय लिहिलंय हे ते क्वचित वाचत, पण खाडाखोड त्यांना बरोबर दिसायची. मग त्याभोवती लाल गोल काढून पत्र परत यायचं. व्हॉल्व्ह गळत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं फायलीत पडून असायच्या. त्यांच्यावरची उत्तरं मात्र निष्कलंक असत.

सत्त्याऐंशी साली मुंबईच्या हेड ऑफिसनं या कारखान्याला एक कॉम्प्युटर पाठवला. मागितला कुणीच नव्हता. आला म्हटल्यावर जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिला रंग दिला, पडदे लावले आणि एअरकंडिशनर बसवला. कोठारे साहेबांच्या केबिनमध्ये तोवर छताचा पंखाच होता. यंत्राला गारवा आणि जनरल मॅनेजरला घाम, हे त्यांना फार लागलं. पण ते मनाचे मोठे. दुपारच्या जेवणानंतर ते रोज त्या खोलीची पाहणी करायला जात, आणि ती पाहणी इतकी सखोल असे की चहा घेऊन जाणाऱ्याला दोनदा खाकरावं लागे. दाराबाहेर पाटी लागली, 'पादत्राणे येथे काढावीत.' नारळ फुटला, हार पडला, पेढे वाटले गेले.

कॉम्प्युटर बसवायला आलेल्या इंजिनीअरनं सगळ्यांना गोळा करून तो चालू करून दाखवला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. कंपनीचं नाव टाईप करताना त्याच्या हातून एक अक्षर चुकलं. त्यानं एक बटण दाबलं. चुकलेलं अक्षर गेलं. डाग नाही, खरवड नाही, काही नाही. बाकीची मंडळी पेढा खात होती. मालिनीबाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अशी चूक पाहिली होती जिचा पुरावा मागे राहत नव्हता. त्या क्षणी त्यांनी ठरवलं, या खुर्चीत आपण बसायचं. सोन्याची पाटली किंवा कल्याणला ब्लॉक असली इच्छा इतकी जोरात त्यांच्या मनात कधी आली नव्हती.

तर त्या खुर्चीत बसायचं कुणी? साधा हिशेब म्हणजे ज्याला टाईप करता येतं त्यानं. पण इतका साधा विचार करायला तो काही पानवाल्याचा ठेला नव्हता. रीतसर कारखाना होता. तिथे जे काही चांगलं येई ते सीनियॉरिटीनं वाटलं जाई. खिडकीजवळचं टेबल सीनियॉरिटीनं, दिवाळीची मिठाई सीनियॉरिटीनं, कॅन्टीनमध्ये वडा संपत आला तर शेवटचा वडासुद्धा सीनियॉरिटीनं. कॉम्प्युटर तर वड्यापेक्षा मोठा. शिवाय तो शिकायला पुण्याला पंधरा दिवस पाठवणार होते, राहण्याखाण्याचा भत्ता देऊन.

हा नियम युनियनचा, आणि युनियन म्हणजे भगवान रोकडे. मशीन शॉपमधला फिटर, बोलायला सरळ, ऐकायला कठीण. त्याच्यावर हसण्यात अर्थ नव्हता. युनियन यायच्या आधी त्याच्या हक्काच्या वरच्या जागेवर तेव्हाच्या साहेबांनी स्वतःचा भाचा आणून बसवला होता, आणि 'तुमच्या लोकांना सवलती असतातच' हे वर ऐकवलं होतं. तेव्हापासून भगवानचा एकच हट्ट होता. कुणाला कुठे बसवायचं हे साहेबाच्या मर्जीवर नाही, नोकरीच्या वर्षांवर ठरायचं. हेड ऑफिसला त्याचा राग येई. कारखान्यातल्या गरिबाला त्याचा आधार वाटे. आणि हुशार मंडळींना त्याची मोठी सोय होती, कारण हुशारी दाखवण्याचा प्रसंगच येत नसे.

सगळ्यात सीनियर होते हेड अकाउंटंट विष्णुपंत. रिटायर व्हायला त्यांना थोडाच अवकाश होता. ते पुण्याला गेले, सर्टिफिकेट आणि बाकरवडी घेऊन परतले. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, बाकरवडी संपली. त्यानंतर विष्णुपंत रोज सकाळी चपला काढून आत जात, कॉम्प्युटर चालू करत, पडद्याला हात जोडत आणि बंद करत. बटणांना त्यांनी बोट लावलं नाही. "जाता जाता हातून काही जळलं तर ग्रॅच्युइटीतून कापतील हो," असं ते खासगीत सांगत. निरोपाच्या समारंभात कोठारे साहेबांनी त्यांचा 'आपल्या कंपनीचे पहिले कॉम्प्युटरतज्ज्ञ' म्हणून गौरव केला. टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या मालिनीबाईंनी वाजवल्या.

त्याला कारण होतं. विष्णुपंतांनंतर नंबर होता स्टोअरच्या कोंडाजी भोईरांचा आणि त्यांच्यानंतर बाईंचा. कोंडाजी वांगणीचे. घरची शेती, बोली गावाकडची, शिक्षण जेमतेम. हा गृहस्थ काही पुण्याला जायचा नाही, हात जोडून 'नको' म्हणेल, याबद्दल बाईंच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. म्हणून त्यांनी आधीच उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका संध्याकाळच्या क्लासात नाव घातलं होतं. खाली कापडाचं दुकान, वर माळ्यावर क्लास. चालवणारे लछवानी सर.

"मॅडम, ऑफिस में कब से बैठ रहे हो कॉम्प्युटर पे?" सरांनी विचारलं.

"नंबर आला की."

"नंबर? राशन की लाईन है क्या?" लछवानी सर मनापासून चकित झाले. "नीचे दुकान में मेरी बहू बैठती है. जो पहले सीखा, वो बैठ गया. बस."

बाईंना त्या सुनेची कीव आली. ना ग्रेड, ना कन्फर्मेशन, ना ग्रॅच्युइटी. नुसतं शिकायचं आणि बसायचं, याला काय नोकरी म्हणतात? बाई मात्र मन लावून शिकल्या. कुठल्या दोन कळा एकदम दाबल्या की काय होतं, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. घरी पोळ्या लाटतानाही बोटं पोळपाटाच्या कडेवर चालत. नवरा म्हणाला, "अगं, पोळीवर पत्र टाईप करतेस की काय?" बाईंनी त्याला वाढलेली पोळी परत घेतली.

आणि कोंडाजी भोईर काय म्हणाले? "माझा नंबर हाय तर मी जानार. पुन्याला मी कदी गेलोच नाय." गेले, आणि आल्यावर आठवडाभर शनिवारवाड्याचं वर्णन करत राहिले.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या तडक भगवानकडे गेल्या. "रोकडे, मला येतं हो ते. स्वतः क्लास लावून शिकलेय. भोईरांना एक अक्षर सापडायला लागतो अर्धा तास. मला बसू द्या."

भगवाननं हात पुसले. "टिपणीसबाई, तुम्हाला येतं हे मला मान्य. पण आज तुम्हाला येतं म्हणून बसवलं, तर उद्या साहेब म्हणणार, माझ्या मेहुण्याला येतं. मग मी कुठल्या तोंडानं बोलू? तुमचा नंबर कोण खाणार नाय. माझा शब्द."

बाईंना हे पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरा इलाजच नव्हता. कोंडाजी किती दिवस राहतील? चेहऱ्यावरून तर उद्या निवृत्त होतील असे दिसत. पण त्यांना शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख अंदाजानं लावली होती, आणि मास्तरांचा अंदाज फारच उदार होता. कागदावर कोंडाजींच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं निघाली. बाईंनी कपाळाला हात लावला.

कोंडाजींनी कॉम्प्युटरचा उपयोग केला हे मात्र मान्य करायला हवं. गार खोलीत भाजी टवटवीत राहते हा शोध त्यांनीच लावला. वांगणीहून येताना ते शेतातली शिराळी, पडवळ, गवारीच्या शेंगा घेऊन येत आणि कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ओळीनं मांडत. मग दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. कॉम्प्युटरच्या खोलीत इतकी वर्दळ असलेली पाहून हेड ऑफिसच्या पाहुण्यांना भरून आलं. त्यांनी 'कर्मचाऱ्यांचा उत्साही प्रतिसाद' असा शेरा मारला. तक्रार कोण करणार? कोठारे साहेबांच्या घरी शिराळी फुकट जात होती.

मधल्या वेळेत कोंडाजी एका बोटानं स्टोअरच्या मालाचा तक्ता कॉम्प्युटरवर चढवत. आधी तो हातानं लिहायचा, मग चढवायचा, मग छापायचा, मग छापलेला हातानं लिहिलेल्याशी पडताळायचा, अशी पद्धत ठरली होती. पूर्वी एका दिवसात होणारं काम आता आठवडाभर पुरे. असा छापलेला तक्ता कोठारे साहेबांपुढे गेला की साहेब तो दोन बोटांत धरून म्हणत, "हे काय ठिपक्याठिपक्यांचं? ह्याच्यावर सही करू? मिसेस टिपणीस, नीट टाईप करून आणा." आणि मालिनीबाई कॉम्प्युटरनं छापलेला कागद समोर ठेवून टाईपरायटरवर पुन्हा टाईप करत. पाच कार्बन लावून. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हे वर्षानुवर्षं चाललं आणि यात काही विचित्र आहे असं कुणालाही वाटलं नाही. बाईंना वाटे, पण त्यांचा नंबर यायचा होता.

थांबता थांबता बाईंचं थांबण्यातच लक्ष लागलं. कोंडाजींच्या गुडघ्याची त्या रोज चौकशी करत. "जिने चढवत नसतील नाही हो आता?" हे त्या इतक्या मायेनं विचारत की कोंडाजींचे डोळे पाणावत आणि ते बाईंना एखादं पडवळ जास्त देत. बाई दारावरून जाताना खुर्चीकडे एक नजर टाकत. एकदा खोलीत कुणी नसताना त्या चपला काढून आत गेल्याही. पण बसल्या नाहीत. नंबर नसताना बसलं तर उद्या आपल्या नंबरावर दुसरं कुणी बसेल, हे भगवानचं म्हणणं एव्हाना त्यांचंच झालं होतं.

सत्त्याण्णव साली कोंडाजी एकदाचे निवृत्त झाले. भाजी बंद झाली म्हणून ऑफिस हळहळलं. त्याच सुमारास जुना कॉम्प्युटर जाऊन नवा आला, रंगीत पडद्याचा. आणि त्याच सुमारास ऑफिसात मीनल आली. अंबरनाथचीच मुलगी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, क्लार्क म्हणून सगळ्यात खालच्या पायरीवर लागलेली. तिला फायलींना नंबर घालायचं काम दिलं होतं, कारण सगळ्यात ज्युनियर माणसानं फायलींना नंबर घालायचे असा प्रघात होता.

या खेपेला हेड ऑफिसनं मात्र दम दिला. महिन्याचा सगळा हिशेब फ्लॉपीवर पाहिजे, कागद चालणार नाही. कोठारे साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "मिसेस टिपणीस, तुम्हाला आपण कॉम्प्युटर इन्चार्ज करू. पाटी लावू टेबलावर. बसेल ती मीनल. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा."

दहा वर्षं थांबायचं आणि शेवटी लक्ष ठेवायचं? बाई तशाच मशीन शॉपमध्ये गेल्या.

भगवान आता पिकला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, खरं सांगू? पोरगीला येतंय. फ्लॉपी गेली नाय तर हेड ऑफिस इथलं ऑफिसच उचलून मुंबईला नेईल. माझ्या डोक्यात येतंय की या टायमाला..."

"या टायमाला काय, रोकडे?" बाईंचा आवाज चढला. "मला येत होतं तेव्हा मला काय सांगितलंत? आज हिला येतं म्हणून बसवलं तर उद्या साहेबाचा मेहुणा बसेल. तुमचेच शब्द. माझ्या वेळी नियम, आणि आता पोरगी हुशार?"

भगवान स्वतःच्याच शब्दात अडकला. दुसऱ्या दिवशी गेटवर सभा झाली, घोषणा झाल्या, कोठारे साहेबांनी माघार घेतली. मालिनीबाई टिपणीस पंधरा दिवस पुण्याला जाऊन आल्या. येताना सर्टिफिकेट आणि बाकरवडी आणली.

आणि मग एका सोमवारी त्या चपला काढून त्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर चित्रं होती, खिडक्या होत्या. तीन नंबर कॅम्पात पाठ केलेल्या कळा दाबल्या तर भलतंच काही उघडायचं. पुण्याचे पंधरा दिवस मान हलवण्यात गेले होते, कारण वर्गात सगळ्यात सीनियर त्याच होत्या आणि सीनियर माणसानं प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. कॉम्प्युटरनं काही त्यांची वाट पाहिली नव्हती. तो आपला पुढे निघून गेला होता.

दारात मीनल उभी होती, हातात फायली. "मॅडम, मी दाखवू? पाच मिनिटांचं काम आहे."

बाईंना पटकन 'ये' म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण तोंडातून आलं, "काही नको. तुझा नंबर येईल तेव्हा बस."

"माझा नंबर कधी येईल, मॅडम?"

बाईंनी सांगितलं. मध्ये कोण कोण आहे, कोण कधी निवृत्त होणार, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मीनल ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. बाई म्हणाल्या, "असं तोंड पाडू नये. आम्ही नाही थांबलो?"

मीनल फायली घेऊन जागेवर गेली. पुढच्या महिन्यात फ्लॉपी काही गेली नाही. त्याऐवजी 'प्रशिक्षित कर्मचारी उपलब्ध, काम प्रगतिपथावर' असं पत्र गेलं, टाईपरायटरवर टाईप केलेलं. आणि त्याच महिन्यात मीनलनं राजीनामा दिला. उल्हासनगरच्या एका जीन्सवाल्यानं तिला बोलावलं होतं. त्यानं विचारलं, येतं का? ती म्हणाली, येतं. तो म्हणाला, मग उद्यापासून बस. एवढाच इंटरव्ह्यू.

कोठारे साहेब म्हणाले, "राजीनामा मंजुरीचं पत्र तरी त्या डब्यावर काढा. हेड ऑफिसला कळवता येईल, काम सुरू झालं म्हणून." बाई जेवणानंतर बसल्या. चार ओळींच्या पत्राला चहाची वेळ टळून गेली. शेवटी कागद बाहेर आला, आणि ठिपके नसलेला, छापखान्यातून यावा तसा आला. साहेबांनी तो खिडकीसमोर धरला, काहीच सापडेना म्हणून नाइलाजानं सही केली. नव्या कॉम्प्युटरवर कंपनीचं निघालेलं हे पहिलं पत्र. ज्या एका माणसाला तो चालवता येत होता, त्याला 'जा' म्हणून सांगणारं.

मीनल निरोप घ्यायला आली. पत्र वाचलं, घडी करून पर्समध्ये टाकलं आणि वाकून नमस्कार केला. बाईंना 'सुखी राहा' म्हणायचं होतं. वयानं मोठ्या बायका म्हणतात तेच.

"तुला भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"कशाची, मॅडम?"

बाईंनी उत्तर शोधलं. कन्फर्मेशन, ग्रेड, ग्रॅच्युइटी हे शब्द जिभेवर आले, पण त्या मुलीच्या तोंडाकडे बघून ते उच्चारवेनात. तिला खरोखरच कळत नव्हतं की भ्यायचं कशाला. मालिनीबाईंना तिचा हेवा वाटला. येत होतं तेव्हा त्यांनाही कुणी बांधून ठेवलं नव्हतं. निघून जाता येतं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"कशाची नाही," त्या म्हणाल्या. "जा. उशीर करू नकोस."

मीनल गेली. बाई परत खुर्चीत बसल्या. खोलीत छान गार होतं आणि निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती.